परत मागितलेला वॉकर

म्हाताऱ्या बाईच्या हातातला वॉकर कुणी परत मागतं का? तुम्हीच सांगा. खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेली बाई, आणि जिनं वॉकर दिला तिचाच निरोप येतो की माझा वॉकर मला परत पाहिजे. आमच्या घरी असा निरोप आला होता. मी तेव्हा शिलाई मशिनवर बसले होते. हातातली कात्री अशी आपटली की शेजारी ठेवलेला खडू फुटून त्याचा भुगा झाला. निरोप धाडणारीला त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि आज तिचेच पाय धरायची माझी तयारी आहे.

पडल्या होत्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. दौंडला नेलं, ऑपरेशन झालं, हाड नीट बसलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की चालत राहिल्या तर पहिल्यासारख्या होतील, आणि भीतीनं बसून राहिल्या तर मग बसूनच राहतील. मी मान हलवली. त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुढं महिनाभरात कळला.

वॉकर आणायचा होता. आमचं गाव पाटसच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत. आमच्याकडं वस्तू थोड्या दिवसांपुरती लागणार असेल तर दुकानात जायच्या आधी गावात विचारतात. कालव्याच्या कडेला राहणाऱ्या मामींकडं वॉकर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्या कुणाच्या मामी ते कुणालाच सांगता येणार नाही, पण गाव त्यांना मामीच म्हणतं. त्यांच्या मालकांना, म्हणजे मामांना, लकवा झाला होता. दोनेक वर्षं अंथरुणाला होते, मग गेले. तेव्हापासून वॉकर दाराआडच्या खुंटीला टांगलेला. मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत, कारेगावात खोली घेऊन राहतो, सणासुदीला येतो. घरात मामी एकट्या.

गेलेल्या माणसाची वस्तू मागायची कशी, म्हणून मी दारात जाऊन नुसतीच उभी राहिले होते. मामींनी माझ्याकडं बघितलं, आत गेल्या, वॉकर काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, सासूला म्हणावं चाल. त्यांनी पाणी दिलं, ते मी पिऊन आले. तिथवर सगळं रीतीप्रमाणं झालं.

ही रीत मी लग्नानंतर शिकले. माझं माहेर कारेगाव. तिथं आमच्या वडिलांनी खोल्या बांधून कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या. कुणी बिहारचा, कुणी लातूरकडचा, कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी. अख्ख्या चाळीत मिळून एक इस्त्री फिरायची. ‘भाभी, प्रेस मिलेगी?’ असं म्हणत कुणी न्यायचा आणि काम झालं की पिशवीत घालून आमच्या दाराच्या कडीला अडकवून जायचा. देणाऱ्याची नि घेणाऱ्याची गाठ पडायचीच नाही, कारण एक झोपलेला असायचा आणि दुसरा कामावर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

तीच सवय घेऊन मी सासरी आले. पहिल्या उन्हाळ्यात मामींचा सोऱ्या आणला, कुरडया केल्या, सोऱ्या घासून पुसून पिशवीत घातला आणि जाताजाता त्यांच्या फाटकाच्या कडीला अडकवून आले. मला वाटलं, किती वेळेवर दिला. संध्याकाळी आत्यांना कुठून तरी कळलं, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांची बोलणी खाल्ली. आवाज चढवला नाही, पण चेहरा असा केला की जणू मी मामींच्या फाटकाला सोऱ्या नाही, आमच्या घराची अब्रू टांगून आले. माणसानं हातानं दिलेली वस्तू तू कडीला देतेस का, म्हणाल्या. जा, घेऊन ये आणि नीट दे.

आता परत दिलेली वस्तू परत कशी आणायची? मी तोंड पाडून मामींकडं गेले आणि घडलेलं सांगितलं. मामी हसल्या नाहीत. गंभीरपणे आत जाऊन सोऱ्या आणला, म्हणाल्या, ‘घे, दिला तुला.’ मी घेतला. ‘आता आण,’ म्हणाल्या. मी दोन पावलं मागं सरून पुन्हा ओट्याशी आले, आणि आत्यांनी बांधून दिलेल्या कुरडयांसकट सोऱ्या त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि तेव्हा कुठं पोट धरून हसल्या. नंतर किती तरी दिवस मला बघितलं की विचारायच्या, काय सूनबाई, आज कडीला काय?

तर आत्यांचं असं. कुणाची वस्तू आणली तर तिचं काम होताच ती स्वतः जाऊन द्यायची, जिच्या कामाला आली तिनं जायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही आणि रिकामी द्यायची नाही. देणाऱ्यावर मागायची वेळ आली की मग संपलंच. तसं कधी आमच्या घराकडून झालं नव्हतं. म्हणून तो वॉकरचा निरोप नुसता निरोप नव्हता. आत्यांच्या सगळ्या जन्माच्या वागण्यावर कुणी तरी बोट ठेवलं होतं.

पण त्याआधी काय झालं ते सांगते. वॉकर घरी आला आणि आत्यांच्या खाटेशेजारी उभा राहिला. पहिले दोन दिवस त्या धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर आल्यासारखं वाटलं म्हणून बसल्या. मग ते ‘उद्या बघू’ सुरू झालं. उठायचं म्हटलं की चेहरा पांढरा पडायचा. सगळं गाव पायाखाली घातलेली बाई, लग्नकार्यात चार बायकांचं काम एकटी ओढणारी, ती खाटेच्या काठाकडं बघून घाबरायची. मी आधी समजावलं, मग रागावले, मग हात टेकले. जागेवर ताट, जागेवर पाणी, जागेवर सगळं. आमच्या ह्यांचा साखर कारखान्यावर सीझन चालू, घरी आले की झोपायचे. आलेले ब्लाउज शिवायचे पडून, बायका दारात येऊन परत जायच्या. वॉकरवर मी आत्यांचा टॉवेल वाळत घालायला लागले. तिथंच ऊन यायचं ना.

अशात मामी भेटायला आल्या. लहानपणी त्यांच्या बापाची मेंढरं होती, जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. आता त्यांचाही ऊस आहे, पण बाई अजून एका जागी बसत नाही. आल्या, आत्यांशी बोलल्या, चहा घेतला. वॉकरकडं बघितलं, वॉकरवरच्या टॉवेलकडं बघितलं. जाताना टॉवेल उचलून घडी घातली आणि खाटेवर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याबरोबर निरोप. वॉकर परत पाहिजे.

मी आत्यांना काही सांगायच्या आधीच त्यांनी ऐकलं होतं. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. ते मला बघवलं नाही. वॉकर उचलला, खांद्यावर टाकला आणि निघाले. वाटेत गिरणीवर बायका दळणाला बसल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी थांबले आणि सगळ्यांना सांगितलं, की माणसाला म्हातारपणी अशी दुर्बुद्धी होते, आणि त्या खुंटीला वॉकरवाचून करमत नसेल. आणखीही बोलले. गिरणीचा आवाज मोठा, म्हणून माझाही मोठा होता.

मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी वॉकर त्यांच्यापुढं ठेवला, म्हटलं, हा घ्या. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

‘तू कशाला आणलास?’ म्हणाल्या. ‘जिच्या कामाला दिला तिनं आणून द्यावा. तिचीच रीत हाय ना ही?’

‘मामी, त्यांना उठवत नाही.’

‘उठवत न्हाई तर मग वॉकर कशाला ठिवून घेतलाय?’

वॉकर परत खांद्यावर, परत गिरणीवरून, आणि या वेळी मी कुणाकडं बघितलं नाही.

घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, आत्या चिडतील, मामींना बोलतील, माझ्या बाजूनं होतील. ह्यांनी तर मोबाईलवर नवा वॉकर शोधायलाही घेतला होता, म्हणाले तिचा तिला देऊन टाकू, विषय संपला. पण तो देऊन टाकणार कोण, हाच तर विषय होता. आत्या उठून बसल्या.

‘माझं धुतलेलं लुगडं काढ,’ म्हणाल्या. ‘लोकाची वस्तू घरात ठिवून मला मरायचं न्हाई.’

त्या दिवशीची आमची वरात गावानं बघितली. पुढं आत्या, दोन्ही हातांनी वॉकर धरून. वॉकरला अडकवलेल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कारण रिकामं कसं जायचं. मागं मी, हातात प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन, कऱ्हा धरलेल्या करवलीसारखी. त्या वॉकर पुढं टाकायच्या, मग एक पाय, मग दुसरा, मग थांबायच्या. घामानं कपाळ भिजलेलं. मला म्हणावंसं वाटत होतं की आत्या, राहू द्या, मरू दे ती रीत. पण मी गप्प राहिले, कारण त्या चालत होत्या. घरात आल्यापासून पहिल्यांदा चालत होत्या. उसाचा ट्रॅक्टर आला तर ड्रायव्हरनं गिरणीपाशी थांबवून वाट दिली. तिथं आत्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि कुणी हात द्यायच्या आत स्वतः उठल्या.

मामी दारात वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी आत्यांना ओट्यावर बसवलं, वॉकर हातातून घेतला, चटणीचा वास घेऊन बरं झालं म्हणाल्या, आणि वॉकर आत नेऊन खुंटीला टांगला. खरंच टांगला. मग चहा आला. दोघी उसाच्या तोडीबद्दल बोलल्या, कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाबद्दल बोलल्या. मी ओट्याच्या कडेला बसून नुसती धुमसत होते. शेवटी आत्या निघायचं म्हणाल्या, आणि हात आपोआप पुढं गेले. पुढं काही नव्हतं.

‘आता गं कशी जाशील?’ मामींनी विचारलं, जणू आत्ताच सुचलं.

‘तुझी वस्तू तुला पोचली. माझं मी बघते.’

‘बघ की. न्हाईतर माग. मागायला कुणी नको म्हटलंय का?’

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, वाटेकडं बघितलं. मागणं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. मग मान खाली घालून म्हणाल्या, ‘दे बाई.’

मामींनी वॉकर काढून दिला. ‘उद्या आणून दे मात्र,’ म्हणाल्या.

आणि हे असं सुरू झालं. रोज दुपारी चारच्या चहाला आत्या वॉकर परत द्यायला निघायच्या. रोज मामी तो घ्यायच्या, खुंटीला टांगायच्या, चहा पाजायच्या आणि निघताना परत द्यायच्या, उद्याच्या बोलीवर. आत्यांची पिशवी भरलेली जायची, आणि पिशवी रिकामी कशी पाठवू म्हणून मामी ती भरून द्यायच्या. मेथी गेली की लिंबं यायची, लिंबं आली की लोणचं जायचं. माझी खुर्ची आधी गिरणीपाशी लागायची, मग देवळापाशी, मग एक दिवस आत्या म्हणाल्या की तू ते लोढणं घरी ठेव, लोक हसतात. कधी थंडीनं खुबा दुखला आणि त्या नको म्हणाल्या, तर मीच आठवण करायची. आत्या, लोकाची वस्तू हाय, म्हणायची. तेवढ्यावर उठायच्या.

तरी माझा राग लगेच गेला नव्हता हं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला रोज हेलपाटे घालायला लावायचे म्हणजे काय, असंच मला वाटायचं. एक दिवस मी ठरवलं, बास. आत्यांना म्हटलं, उद्या दौंडला जाऊन नवा आणतो, तो घरात राहील, कुणाच्या दारात जायला नको.

आत्या हसल्या. पडल्यापासून असं हसलेलं मी बघितलं नव्हतं.

‘नवा आणला तर मग जायचं कुठं गं?’ म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्यांना हे कधी कळलं होतं कुणास ठाऊक. मला वाटतं, पहिल्याच दिवशी, मामींनी वॉकर खुंटीला टांगला तेव्हाच कळलं असणार. पण दोघींनी एकमेकींना तसं कधी बोलून दाखवलं नाही. मामी तेवढ्याच कडक आवाजात ‘उद्या दे’ म्हणायच्या आणि आत्या तेवढ्याच पडलेल्या तोंडानं ‘दे बाई’ म्हणायच्या. माझ्या सोऱ्याचा प्रकार त्यांनी असाच तर निभावला होता. मी आत स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसले, आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

उन्हाळा लागता लागता डॉक्टरांनी खुब्याचा फोटो काढून बघितला आणि काठीवर चाललात तरी चालेल म्हणाले. काठी घरात आणलेली होती, पण आत्या वॉकर सोडायला तयार नव्हत्या. पुन्हा तीच भीती. एक दिवस मी काठी हातात घेऊन गुपचूप त्यांच्या मागोमाग गेले. चहा झाला. आत्या म्हणाल्या, दे बाई. मामी उठल्याच नाहीत.

‘आज न्हाई देणार,’ म्हणाल्या. ‘वॉकरचं काम झालंय.’

मी काठी पुढं केली. आत्यांनी आम्हा दोघींकडं असं बघितलं की जणू आम्ही त्यांना विहिरीत ढकलायला निघालोय. मग काठी घेतली. ओट्याखाली उतरताना मी हात धरला, देवळापाशी त्यांनीच तो सोडवला. गिरणीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. आत्या तशाच पुढं घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, चहा टाक, दोघींना.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मामींकडं गेले. पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या घेऊन. आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, घरच्या माणसासारख्या माणसाचे आभार मानले तर ते रुसतं. पण मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, मामी, मी तुम्हाला मनातनं लई शिव्या दिल्या.

‘मनातनं कशाला? गिरणीवर दिल्यास की. मला त्याच दिवशी पोचल्या.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र पोळी मोडून खात होत्या, तुपाचं बोट चाटत होत्या. मग खुंटीवरच्या वॉकरकडं बघत राहिल्या. बोलल्या ते माझ्याशी की त्या वॉकरशी, ते मला समजलं नाही.

‘ह्यांना लकवा झाला तवा लेकानं नवा कोरा आणला. घरचाच. कुणाला परत द्यायचा न्हवता,’ म्हणाल्या. ‘मग काय. टॉवेल वाळायचा त्याच्यावर. मी बी सगळं जाग्यावर दिलं गं. मला वाटायचं, हीच सेवा. कुणी मागाय आलंच न्हाई.’

मी त्यांचा हात धरला. त्या हाताला लसणाचा वास होता आणि तो हात आमच्या घरातल्या माणसाला उभं करून गेला होता. मी मोठ्यानं म्हटलं, मामी, तुम्ही मागायला आलात म्हणून आमच्या आत्या चालल्या. त्यांनी मान हलवली आणि डोळे पदराला पुसले.

निघताना मी माझा डबा शोधायला लागले. त्यांनी तो दिला नाही. फडताळातून दुसरा काढला, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, त्यात शेंगा भरल्या आणि माझ्या हातात ठेवला.

‘हा डबा माझा हाय,’ म्हणाल्या. ‘मला परत पाहिजे. आन् तू नको आणू.’

मी घरी येऊन डबा आत्यांसमोर ठेवला आणि निरोप सांगितला. त्यांनी झाकण उघडलं, दोन शेंगा फोडून तोंडात टाकल्या आणि भिंतीला टेकवलेली काठी कुठं आहे ते बघून घेतलं.

‘चार वाजता उठव मला,’ म्हणाल्या. ‘लोकाची वस्तू हाय.’